वर्षाला दोनपेक्षा कमी सामने

चिंचवडमधल्या एखाद्या कॉलेजच्या फुटबॉल संघात निवड झाली, तर वर्षभरात किती सामने खेळायला मिळतील? नव्याने निवडलेल्या पोराला विचारा. तो पाच सांगेल, आठ सांगेल, फारच हुरूप असेल तर पंधराही सांगेल. जिमखान्याच्या सरांना विचारलं तर ते नुसते हसतील आणि 'ड्रॉ कसा लागतो त्यावर आहे' म्हणतील. सरांचं उत्तर अनुभवाचं आहे, पण अर्धंच. एका पोराचं नशीब ड्रॉवर असेल. सगळ्या पोरांची सरासरी मात्र ड्रॉ लागायच्या आधीच ठरलेली असते. ती दोनपेक्षा कमी आहे. संघ बत्तीस असोत की नव्वद, खेळाचा दर्जा उत्तम असो की बेताचा, ती दोनला पोचूच शकत नाही.

याचं कारण स्पर्धेच्या पद्धतीत आहे. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने खेळला जातो. हरलात की घरी. समजा विभागातून बत्तीस कॉलेजांच्या एंट्र्या आल्या. एकूण सामने किती होतील? बहुतेक जण पहिल्या फेरीचे सोळा, मग आठ, चार, दोन आणि शेवटची फायनल अशी बेरीज करत एकतीसवर येतात. बेरजेची गरजच नाही. प्रत्येक सामना एका संघाला घरी पाठवतो. शेवटी एकच संघ उरायचा असेल तर एकतीस जण हरले पाहिजेत, म्हणून एकतीस सामने. सदतीस संघ असले तर छत्तीस. कुणाला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली, कुणाला नाही, याने या हिशेबात काडीचा फरक पडत नाही.

आता प्रत्येक सामन्यात दोन संघ उतरतात. एकतीस सामने म्हणजे बासष्ट वेळा कुठला तरी संघ मैदानात आला. बासष्टला बत्तीसने भागा: १.९४. संघ वाढवत न्या, आकडा दोनच्या जवळ जवळ सरकत जाईल, पण दोन काही होणार नाही. विजेता पाच सामने खेळतो, उपविजेताही पाच. उपांत्य फेरीत हरणारे दोन संघ चार-चार, त्यांच्या आधीचे चार संघ तीन-तीन, आठ संघ दोन-दोन. आणि सोळा संघ, म्हणजे बरोबर अर्धी कॉलेजं, एकच सामना खेळून किट धुवायला टाकतात. वर्षभराचा हंगाम त्यांच्यासाठी तासाभराचा असतो.

'पण आमचा संघ चांगला आहे' हा यावरचा नेहमीचा जबाब. मान्य. चांगला म्हणजे किती? समोर कुणीही आलं तरी दहापैकी सात वेळा जिंकणारा संघ कुठल्याही विभागात दादा म्हणून ओळखला जाईल. त्याच्या वाट्याला सरासरी किती सामने येतात ते पाहू. पहिला तर मिळतोच. दुसरा मिळायची शक्यता सात दशांश, तिसरा मिळायची त्याच्याही सात दशांश, म्हणजे ०.४९, आणि अशीच ती खाली उतरत जाते. पाचही फेऱ्यांची बेरीज २.७७ होते. दहापैकी आठ जिंकणाऱ्यांना ३.३६. दहापैकी नऊ जिंकणारा संघ दर दशकात एखादाच निघतो, आणि त्यालाही चारच्या जरा वर. उलट, तीनात एक सामना जिंकू शकणारा नवखा संघ दीड सामन्यावर आटोपतो. म्हणजे ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यांना सामने सगळ्यात कमी. बाद पद्धत आधीच खाऊन तगड्या झालेल्यांनाच पुन्हा वाढते.

ड्रॉच्या दिवशी हे सगळं एका टेबलावर घडतं. कॉलेजांच्या नावांच्या चिठ्ठ्या घड्या घालून डब्यात टाकलेल्या असतात. गेल्या वर्षी उपांत्य फेरी गाठलेल्या चार संघांच्या मात्र नाहीत, कारण त्यांना आधीच ड्रॉच्या चार कोपऱ्यांत बसवलेलं असतं. मोठे संघ पहिल्याच दिवशी एकमेकांना भिडून बाद होऊ नयेत हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच आहे. पण मोठ्यांना एकमेकांपासून दूर ठेवायचं, तर त्यांच्यासमोर कुणी तरी यायलाच हवं. ते 'कुणी तरी' म्हणजे नव्याने संघ उभा केलेलं एखादं कॉमर्स कॉलेज, किंवा चौदा पोरं गोळा करता करता नाकी नऊ आलेलं एखादं फार्मसी कॉलेज. सदतीस एंट्र्या असतील तर मांडणी चौसष्टच्या तक्त्यात होते. त्यातल्या सत्तावीस संघांना पहिली फेरी खेळावीच लागत नाही, उरलेले दहा आपसांत पाच सामने खेळतात आणि मग बत्तीस उरतात. पुढे चाल मिळालेला संघ खूश असतो. वास्तविक त्याने काही जिंकलेलं नसतं, आणि पुढच्या फेरीत हरला तर तोही एकाच सामन्यात गार.

त्याशिवाय वॉकओव्हर. समोरच्या कॉलेजची सबमिशन त्याच दिवशी निघाली, दोन खेळाडूंच्या एलिजिबिलिटी फॉर्मवर प्राचार्यांचा शिक्का राहून गेला, बस पुण्याच्या रस्त्यावर अडकली, की पंच घड्याळ बघतात आणि निकाल कागदावर लागतो. तक्त्यात तो सामना म्हणून गणला जातो. पायाला चेंडू मात्र लागलेला नसतो. म्हणजे १.९४ ही कागदावरची सरासरी आहे, गवतावरची तिच्याहून कमी.

यात फुटबॉलचा स्वतःचा स्वभाव भर घालतो. कबड्डीत दोन्ही संघांचे मिळून साठ-सत्तर गुण सहज होतात. एखादी चढाई फसली, एखादी पकड सुटली, तरी चाळीस मिनिटांत ते भरून निघतं आणि बहुधा सरस संघच जिंकतो. फुटबॉलमध्ये गोल मोजकेच. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले, म्हणजे सामन्याला तीनही नाहीत. इतक्या थोड्या गोलांच्या खेळात एक घसरलेला पाय किंवा पंचांची एक शिट्टी निकाल फिरवते. त्यात कॉलेजच्या स्पर्धांत एका दिवसात तीन-चार सामने उरकायचे असतात, म्हणून नव्वद मिनिटांऐवजी साठ-सत्तर मिनिटांचा खेळ ठेवतात. याचा परिणाम संभाव्यतेच्या साध्या गणिताने काढता येतो. विश्वचषकाच्या वेगाने गोल करणारे दोन तुल्यबळ संघ नव्वद मिनिटं खेळले, तर साधारण चारांतला एक सामना बरोबरीत सुटेल. साठ मिनिटं खेळले तर तिनांतला एक. बरोबरी झाली की टायब्रेकर, आणि पाच-पाच पेनल्टींवर अख्ख्या वर्षाचा निकाल. सामना जितका आखूड, तितका दैवाचा वाटा मोठा. पावसाळी मैदानावर तर विचारूच नका. चेंडू गोलरेषेच्या अलीकडे चिखलात रुतून बसलेला मी पाहिला आहे, आणि गोलकीपरने तो दोन्ही हातांनी ओढून काढल्याचंही.

बाद पद्धतीने पोळलेल्यांत फक्त कॉलेजची पोरं नाहीत. १९३४ चा इटलीतला विश्वचषक पहिल्या फेरीपासून बाद पद्धतीचा होता, सोळा संघांचा. ब्राझील आणि अर्जेंटिना जहाजाने अटलांटिक ओलांडून आले. २७ मे रोजी ब्राझील जिनोआत स्पेनकडून १-३ हरला आणि त्याच दिवशी अर्जेंटिना बोलोन्यात स्वीडनकडून २-३. दोघांची स्पर्धा एकाच सामन्यात संपली. चार वर्षांनी फ्रान्समध्ये डच ईस्ट इंडीजचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाचा संघ अर्धं जग फिरून गेला, हंगेरीकडून सहा गोल खाल्ले आणि बाद झाला. १९५० पासून विश्वचषकाने सुरुवातीची फेरी पुन्हा गटांत खेळवायला घेतली आणि ती प्रथा आजवर मोडलेली नाही.

आपल्या देशाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ पहिल्यांदा उतरला, बरेच जण अनवाणी. फ्रान्सविरुद्ध दोन पेनल्टी वाया गेल्या, सारंगपाणी रामनने एक गोल केला, भारत १-२ हरला आणि स्पर्धा संपली. एक सामना. १९५२ मध्ये हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने १०-१ ने धुतलं. पुन्हा एकच सामना. १९५६ मध्ये मेलबर्नला पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी हंगेरी आलाच नाही, पुढे चाल मिळाली, आणि नंतर ऑस्ट्रेलियाविरुद्ध मुंबईच्या मैदानांवर घडलेल्या नेव्हिल डिसूझाने तीन गोल ठोकले. भारत ४-२ ने जिंकला. जिंकला म्हणून उपांत्य सामना मिळाला आणि तिथे हरला म्हणून कांस्यपदकासाठीचा. असे तीन सामने झाले, नेव्हिलचे एकूण चार गोल झाले आणि स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या बरोबरीने त्याचं नाव लागलं. हंगेरी आला असता तर? त्या काळचा हंगेरीचा दरारा आठवला की उत्तर द्यायला नको. १९६० ला रोममध्ये ऑलिंपिकनेही गट पाडले. भारत हंगेरी आणि पेरूकडून हरला, फ्रान्सशी १-१ बरोबरी केली. तीनपैकी एकही सामना न जिंकता तिथेही तीन सामने. मेलबर्नला जे विजयाने मिळालं, ते रोमला नुसत्या मांडणीने मिळालं.

मग आपल्याकडे अजून बाद पद्धतच का? कुणाचा दुष्टपणा नाही, मैदान नाही म्हणून. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, १९६२ मध्ये एमआयडीसी आली, पाठोपाठ टेल्को आली, आणि शहर या कारखान्यांभोवती वाढत गेलं. मैदानं होती ती कंपन्यांच्या वसाहतींत. त्या वसाहतींत केरळ, बंगाल, गोवा अशा फुटबॉलवेड्या मुलखांतून आलेले कामगार राहत, त्यामुळे या पट्ट्याला फुटबॉल नवा नाही. पण कॉलेजं आली ती बरीच नंतर, आणि बरीचशी एका इमारतीत. अभियांत्रिकी कॉलेजच्या आवारात पार्किंग असतं, कॅन्टीन असतं, मोठं सभागृहही असतं. शंभर मीटर लांब सपाट जमीन क्वचितच असते. महापालिकेची मैदानं आहेत, पण त्यांवर पहिला हक्क क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धांचा आणि मग सभा-मेळाव्यांचा. पलीकडे बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं भव्य संकुल आहे, तिथे पुणे एफसी आणि नंतर एफसी पुणे सिटी खेळले. पण कॉलेजच्या पहिल्या फेरीसाठी असं मैदान कोण देतो?

दुसरी अडचण सेमिस्टरची. प्रवेश जुलै-ऑगस्टपर्यंत रेंगाळतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरला परीक्षा, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांना विद्यापीठाचा संघ वेळेत पाठवायचा म्हणजे त्याआधी सगळं उरकलं पाहिजे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पसारा पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक इतका. प्रत्येक विभागात आधी कॉलेजांची स्पर्धा, मग त्यातून निवडलेल्या विभागीय संघांची, मग विद्यापीठाचं शिबिर. एका मैदानावर दिवसाला चार सामने धरले तरी एकतीस सामन्यांना आठ दिवस लागतात. फुटबॉलबरोबर कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, अॅथलेटिक्स हेही त्याच दोन महिन्यांत. सरांनी बाद पद्धत निवडली यात नवल ते काय!

आता एका मुलाच्या बाजूने बघू. चिंचवडच्या कॉलेजात बी.कॉम.ला आलेला, डाव्या बगलेला खेळणारा एक बचावपटू घ्या. संघ ना भारी ना टाकाऊ. तीन वर्षांत त्याचा संघ सरासरी सहा सामने खेळेल. नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे चौथं वर्ष केलं तर आठ. पण संघ खेळला म्हणजे तो खेळला असं नाही. सोळा जणांचा चमू, साठ मिनिटांचा सामना: अकरा जणांची मिळून सहाशे साठ मिनिटं, सोळांत वाटली तर प्रत्येकी एक्केचाळीस. सहा सामन्यांत झाली चार तासांच्या आसपास. समान वाटणी कुठलाच संघ करत नाही, त्यामुळे कुणाच्या वाट्याला सहा तास, तर कुणाच्या वाट्याला वीस मिनिटं आणि मग बेंचवर बसून मारलेल्या आरोळ्या. शिवाय मैदानात असलेल्या खेळाडूच्या पायाशी चेंडू असतो तो तरी किती? मोठ्या दर्जाच्या सामन्यातसुद्धा नव्वद मिनिटांत फार तर दोन-तीन मिनिटं. आपल्या या पठ्ठ्याने सगळे सहा सामने पूर्ण खेळले, तरी तीन वर्षांच्या कॉलेज कारकिर्दीत चेंडू त्याच्या पायाशी फार तर दहा-बारा मिनिटं असेल. आठवड्यातून चार दिवस, पहाटे दोन तास, असा आठ आठवडे सराव धरला तर दर वर्षी चौसष्ट तास होतात. चौसष्ट तास घासायचं, चार मिनिटं वापरायचं.

हे वाचून कुणी म्हणेल, जो खरा चमकतो तो पुढे जातोच. जातो. विभागीय संघात निवड झाली तर दोन-तीन सामने वाढतात. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर चित्रच पालटतं. भारतीय विद्यापीठांच्या संघटनेच्या स्पर्धांत पश्चिम विभागात महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथली विद्यापीठं येतात. आधी बाद फेऱ्या, मग उरलेल्या चौघांची साखळी, आणि ते चौघे अखिल भारतीय स्पर्धेला. कॉलेजच्या फायनलपासून तिथपर्यंत सगळं जिंकत गेलेल्या पोराला वर्षाला अठरा-वीस सामने मिळू शकतात. पण शेकडो संलग्न कॉलेजांतून हा चमू वीसएक जणांचा. बाकीच्यांचं काय झालं ते वर सांगितलंच.

प्रमाणपत्राचा हिशेब याहून निराळा. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी बघितलं जातं ते कुठल्या पातळीवर खेळलात आणि कितवे आलात हे. किती सामने किंवा किती मिनिटं खेळलात, हा प्रश्न तिथे येत नाही. त्यामुळे पोरं 'किती मॅच खेळलास' यापेक्षा 'कुठपर्यंत गेलास' हेच एकमेकांना विचारतात. ते शहाणपणाचंच आहे, पण खेळ शिकायचा असेल तर पहिलाच प्रश्न कामाचा.

अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबोडका चेंडू हातात घेऊन खेळायचा तो निराळाच खेळ. त्याचं वेळापत्रक मात्र बघण्यासारखं आहे. २००६ पासून तिथल्या वरच्या श्रेणीत प्रत्येक संघाला हंगामात बारा ठरलेले सामने आहेत. हरा की जिंका, बारा. त्यापुढे विजेतेपदासाठीची बाद फेरी, जी २०२४ पासून चारऐवजी बारा संघांची झाली. त्या हंगामात विजेता ठरलेला ओहायो स्टेटचा संघ सोळा सामने खेळला, दोन हरूनही. खेळाडूला पाच वर्षांत चार हंगाम खेळायची मुभा असते, म्हणजे नियमित खेळणारा पोरगा पन्नासच्या आसपास सामने खेळून बाहेर पडतो. २०१८ मध्ये त्यांनी एक सवलत दिली: हंगामात चार किंवा त्याहून कमी सामने खेळलात, तर तो हंगाम खर्ची धरला जात नाही. नवख्यांना चाखायला मिळावं म्हणून केलेला हा नियम. चिंचवडच्या आपल्या बचावपटूला तो लावला तर पदवी मिळेपर्यंत त्याचा एकही हंगाम खर्ची पडणार नाही! अर्थात तिथे या खेळामागे दूरचित्रवाणीचा अफाट पैसा आहे आणि त्याची आपली तुलना पैशात होऊच शकत नाही. घेण्यासारखी आहे ती फक्त कल्पना, की हंगाम आधी ठरतो आणि बाद फेरी त्याच्या शेवटी येते.

आणि ती शिकायला अमेरिकेला जायचीही गरज नाही. कोल्हापूरला जा. तिथे पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा पेठांच्या आणि तालमींच्या संघांची शाहू स्टेडियमवर साखळी होते, आणि त्यानंतर हंगामभर एकामागून एक बाद पद्धतीच्या स्पर्धा. म्हणजे प्रत्येकाला साखळीतले ठरलेले सामने मिळतातच, तेही एकही चषक लागण्याआधी. कॉलेजात जाणारा कोल्हापूरचा पोरगा कॉलेजपेक्षा पेठेकडून जास्त खेळतो आणि तिथेच तयार होतो. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून आणि पुणे एफसीच्या अकादमीतून पुढे गेला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. भारत तिन्ही सामने हरला. पण तीन सामने झाले, कारण गट होते. कॉलेजच्या तक्त्यात अमेरिकेविरुद्धच्या ०-३ नंतर खेळ खलास झाला असता आणि कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने केलेला गोल, विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, कधी झालाच नसता.

मुलींची गोष्ट आणखी बिकट. संघ कमी, त्यामुळे सरासरीही खाली. आठ संघांच्या स्पर्धेत सात सामने होतात आणि सरासरी १.७५ येते. त्यात दोन संघ आयत्या वेळी आले नाहीत, की एखाद्या संघाची उपांत्य फेरी एकही सामना न खेळता गाठून होते. अशा संघाच्या मुलींना मिळालेलं प्रमाणपत्र खरं असतं, खेळ मात्र राहिलेला असतो. आठच संघ असतील तर चार-चारचे दोन गट पाडायला फक्त बारा सामने लागतात, म्हणजे दिवसाला चार धरले तर तीन दिवस. चौथ्या दिवशी उपांत्य आणि अंतिम. इथे तरी बाद पद्धतीला सबब राहत नाही.

मुलांच्या बत्तीस संघांसाठी काय करता येईल? चार-चारचे आठ गट पाडले आणि प्रत्येक गटातले दोन पुढे नेले, तर त्रेसष्ट सामने होतात, सोळा दिवस लागतात. प्रत्येकाला किमान तीन सामने, सरासरी चारच्या आत-बाहेर. मैदानाचं भाडं आणि पंचांचं मानधन दुप्पट. एवढं झेपणार नसेल तर मधला रस्ता आहे: पहिल्या फेरीत हरलेल्या सोळा संघांची वेगळी बाद स्पर्धा घ्यायची. रग्बीत याला प्लेट म्हणतात. पंधराच सामने वाढतात, एकूण शेचाळीस, आणि तेवढ्यात सरासरी १.९४ वरून २.८८ वर जाते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकच सामना खेळून घरी जाणारा संघ एकही राहत नाही. साडेतीन-चार दिवसांचं काम आहे, आणि हे संघ एकमेकांच्या तोडीचे असल्यामुळे सामनेही रंगतात.

त्याहून स्वस्त गोष्ट विद्यापीठाला विचारावीही लागणार नाही अशी आहे. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी ही एकाच रस्त्यावरची गावं. या पट्ट्यातली आठ कॉलेजं एकत्र आली आणि त्यांनी आपसांत एकेरी साखळी खेळली, तर अठ्ठावीस सामने होतात, प्रत्येकाला सात. दर शनिवारी चार सामने, आठांपैकी ज्या दोघा-तिघांकडे मैदान आहे त्यांच्याकडे वाटून. चषक नको, उद्घाटन नको, पाहुणे तर नकोतच. शिट्टी मारायला तिसऱ्या कॉलेजचे सर. सात शनिवार लागतात. जुलैच्या अखेरीस सुरुवात केली तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत संपतं, आणि गणपतीत एखादा शनिवार बुडालाच तर आठवा धरायचा.